नाकाला न कळणारा गॅस : गव्हाण फाट्यावरून थंडीचा एक इतिहास

आजच्या भागाचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण तो आपल्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या हजारो लोकांच्या रोजच्या कामाशी जोडलेला आहे. विषय आहे कार्बन डायऑक्साइड. हवामानबदलाच्या चर्चेत येतो तो नाही. फ्रीजच्या नळीत भरला जाणारा, थंडी तयार करणारा कार्बन डायऑक्साइड. मेकॅनिक त्याला ‘सीओटू’ म्हणतात आणि सिलिंडरवर ‘आर-७४४’ लिहिलेलं असतं.

गव्हाण फाटा बहुतेकांना ठाऊक असेल. उरणकडून येणारी कंटेनरची रांग तिथे दिवसरात्र दिसते. त्या रांगेत अधूनमधून एक पांढरी पेटी असते, तिच्या एका टोकाला यंत्र बसवलेलं असतं आणि ते घरघरत असतं. हा रीफर, म्हणजे चाकावर बसलेला मोठा फ्रीज. नाशिकची द्राक्षं, कोकणातला हापूस, तळोज्यात पॅक झालेली कोळंबी, सगळं याच पेटीतून परदेशी जातं.

गव्हाण, जासई, उलवे, न्हावा हा सगळा पट्टा पूर्वी भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीवरच्या मासेमारीचा. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी संपादन झाल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. मग २६ मे १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं. ज्यांच्या शेतात भात पिकत होता त्यांची मुलं-नातवंडं आज यार्डात, गोदामात, कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहेत. म्हणून ही गोष्ट इथून सांगतो.

आता थोडं मागे जाऊ.

मुंबईत थंडी पहिल्यांदा विकत मिळाली ती बोटीतून आलेल्या बर्फाच्या रूपात. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि जहाजात भरून पाठवायचा. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्याला पोचला, १८३४ मध्ये मुंबईला. चार महिन्यांचा प्रवास करूनही बरचसा बर्फ शाबूत राहायचा. साहेब आणि शेठलोकांच्या पेल्यात तो पडला, आणि आपल्याकडे गारव्याची चटक लागली ती तेव्हापासून.

पण तळ्याचा बर्फ किती दिवस आणणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्राने थंडी बनवण्याची धडपड सुरू झाली. तत्त्व सोपं आहे. हातावर स्पिरिट ओतलं की गार लागतं, कारण द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता खेचून घेतो. तीच वाफ कॉम्प्रेसरने दाबायची, थंड करून पुन्हा द्रव बनवायची आणि पुन्हा उडू द्यायची. प्रश्न एवढाच होता की नळीत भरायचं काय? ईथर होतं, ते पेट घ्यायचं. अमोनिया होता, तो काम चोख करायचा, पण गळला की डोळ्यांतून पाण्याच्या धारा. सल्फर डायऑक्साइड होता, तोही विषारी.

आणि चौथा उमेदवार होता कार्बन डायऑक्साइड. १८५० मध्ये अलेक्झांडर ट्वायनिंग या अमेरिकन माणसाने तो सुचवला. १८६० च्या दशकात थॅडियस लोव याने त्यावर चालणारं बर्फाचं यंत्र बनवलं. हा लोव मूळचा बलूनवाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने लष्करासाठी टेहळणीचे बलून उडवले होते. पुढे १८८६ मध्ये जर्मनीत फ्रान्झ विंडहाउसेनने कार्बन डायऑक्साइडच्या कॉम्प्रेसरचं पेटंट घेतलं, त्याचे ब्रिटनमधले हक्क डार्टफर्डच्या जे. अँड ई. हॉल कंपनीने घेतले, आणि १८९० च्या सुमारास ही यंत्रं जहाजांवर चढली.

जहाजांनाच ती का आवडली? कारण जहाजावर पळायला जागा नसते. भर समुद्रात तळमजल्यावर अमोनिया फुटला तर प्रवाशांनी जायचं कुठे? कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, डोळे झोंबत नाहीत, मांसाला वास लागत नाही. म्हणून त्या काळात त्याला ‘निरुपद्रवी’ म्हणायचे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या निरुपद्रवी गॅसची एक खोड मात्र होती, आणि ती आपल्याच समुद्रात उघडी पडायची. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू साधारण ३१ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे त्याहून जास्त तापमानाला तुम्ही त्याला कितीही दाबा, त्याचा द्रव होतच नाही. ही यंत्रं समुद्राच्या पाण्याने गॅस गार करायची. इंग्लंडच्या थंड पाण्यात सगळं झकास. पण मे महिन्यात मुंबईजवळ समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. तिथे यंत्राचा दम निघायचा, दाब वाढायचा आणि थंडी कमी पडायची. नेमकी जिथे थंडीची गरज जास्त, तिथेच यंत्र धापा टाकणार!

त्यामुळे १९३० च्या सुमारास फ्रिऑन आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. थॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत एक प्रयोग केला. नवा गॅस छातीभर ओढला आणि हळूहळू मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली. म्हणजे गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या तीसेक वर्षांत कार्बन डायऑक्साइडची यंत्रं जवळपास नामशेष झाली.

मला हा प्रसंग वाचताना आपल्याकडची विहीर आठवते. गावाकडे जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरायच्या आधी जुनी माणसं दोराला कंदील बांधून आत सोडायची. कंदील विझला तर खाली उतरायचं नाही. मिजलीच्या सभेत विझलेली ज्योत सुरक्षिततेचा पुरावा ठरली, आणि आपल्या विहिरीत तीच ज्योत विझली की तो धोक्याचा इशारा. गॅस चांगला की वाईट हे गॅसवर ठरत नाही. तो कुठे साचलाय आणि तिथे माणूस आहे का, यावर ठरतं.

फ्रिऑनचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हे गॅस ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये मॉन्ट्रिऑल करार झाला. त्यांच्या जागी आलेले नवे गॅस ओझोनला सोडतात, पण पृथ्वी तापवतात. कोल्ड स्टोरेजमध्ये सर्रास भरला जाणारा आर-४०४ए घ्या. तो एक किलो गळला तर शंभर वर्षांच्या हिशोबात जवळपास ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याएवढी उष्णता धरतो. म्हणून २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली, आणि भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. आपल्यासाठी वेळापत्रक असं आहे : २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी.

मग जुना भिडू पुन्हा मैदानात आला. १९८० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेचे प्राध्यापक गुस्ताव लॉरेंट्झेन यांनी दाखवलं की ३१ अंशांच्या वरही कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. द्रव करायचा हट्ट सोडा, दाब नीट सांभाळा, काम होतं. युरोपातल्या सुपरमार्केटांनी ही पद्धत उचलली. गेल्या दशकात कार्बन डायऑक्साइडवर चालणारे रीफर कंटेनरही बाजारात आले. आपल्या उष्ण हवेत हे कसं बसवायचं, यावर आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या मदतीने काम चाललं आहे. कंटेनर तर देशोदेशी फिरणारी वस्तू. आज रॉटरडॅमला असलेली पेटी उद्या आपल्या फाट्यावर उभी असू शकते.

इथे खरी अडचण सुरू होते. आपल्याकडच्या मेकॅनिकचं ज्ञान दोन शाळांमधून आलेलं आहे.

पहिली शाळा अमोनियाची. ससून डॉक १८७५ चा. तिथून ते तळोज्यापर्यंत मासळी आणि बर्फाच्या धंद्यात अमोनिया वर्षानुवर्षं आहे. तो भयंकर आहे, पण प्रामाणिक आहे. हवेत अगदी थोडा आला तरी नाक ओरडतं. माणूस आपोआप पळतो. दुसरी शाळा फ्रिऑनची. एसी, फ्रीज, पाण्याचा कूलर. तिथे गॅस गळला तर खिशाला चाट बसते, जिवाची भीती सहसा नसते. जॉइंटवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा शोधायचा, ब्रेझिंग करायचं, गॅस भरायचा.

सीओटूला वास नाही. रंग नाही. तो हवेपेक्षा साधारण दीडपट जड आहे, म्हणून खड्ड्यात, तळघरात, बंद खोलीच्या तळाशी पाण्यासारखा भरत जातो. नाकाची शाळा इथे नापास होते आणि बेफिकिरीची शाळा जीव घेते.

हा गॅस जीव कसा घेतो? पुष्कळ जण म्हणतात, ‘ऑक्सिजन संपतो म्हणून माणूस गुदमरतो.’ हे अर्धंच खरं आहे. आपल्या साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा धरतात ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम. चार टक्क्यांना ती जागा तातडीने जिवाला धोकादायक मानली जाते. पाच टक्क्यांना डोकं ठणकतं, धाप लागते. दहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध जाते. कारण तो रक्तात विरघळून रक्त आम्ल करतो. ऑक्सिजन भरपूर असला तरी!

आता हिशोब करू. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. त्यात चार टक्के सीओटू मिसळला तर ऑक्सिजन उरतो साधारण २०.१ टक्के. आपल्याकडच्या साध्या ऑक्सिजन मीटरचा अलार्म वाजतो १९.५ टक्क्यांना. म्हणजे जागा जिवाला धोकादायक झाली आणि मीटर मात्र गप्प. अलार्म वाजेपर्यंत सीओटू साडेसहा टक्क्यांच्या वर गेलेला असतो. म्हणून ऑक्सिजन मीटर दाखवून कोणी ‘सेफ आहे’ म्हणालं तर ऐकू नका. कार्बन डायऑक्साइड मोजणारा वेगळा मीटर लागतो. कंदिलाचंही तसंच. दहा टक्के सीओटूमध्ये कंदील जळत राहू शकतो आणि माणूस मात्र पडतो. बायोगॅस असेल तर कंदिलानेच भडका उडेल. जुन्या माणसांची सावधगिरी घ्या, त्यांचा कंदील नको.

अजून एक हिशोब. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी मशीनरूम धरा. ६० घनमीटर हवा. एक किलो सीओटूचा गॅस होतो साधारण ०.५५ घनमीटर. दहा किलो गळला तर साडेपाच घनमीटर. म्हणजे खोलीभर सारखा पसरला तरी नऊ टक्क्यांच्या वर. आणि तो सुरुवातीला सारखा पसरत नाही, खाली जास्त असतो. खाली वाकून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचं नाक तिथेच असतं.

जगात याचे दाखले आहेत. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघाला आणि दरीतून खाली उतरत गेला. सुमारे १,७०० माणसं मेली, बरीचशी झोपेतच. २५ मे २०१९ ला चीनमध्ये दुरुस्तीला लागलेल्या एका जहाजावर आग विझवण्याच्या यंत्रणेतला सीओटू सुटला, दहा कामगार गेले.

आपल्या जवळचा प्रसंग विहिरीचा आहे. ९ एप्रिल २०२४. अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाची स्लरी साठवायला वापरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो एकच, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. तिथे एकटा सीओटू नव्हता, शेण कुजून होणारे बरेच गॅस होते. पण घटनेची चाल तीच. पहिला माणूस अपघाताने जातो, बाकीचे मायेने जातात.

म्हणून सीओटूच्या कामातला पहिला नियम यंत्राबद्दलचा नाहीच. आत कोणी पडलेला दिसला तर श्वासाचा सिलिंडर पाठीवर नसताना आत जायचं नाही. कठीण आहे हे. आत आपला भाऊ असू शकतो, गाववाला असू शकतो. पण बाहेरून पंखा चालू करणं, दोन्हीकडचे दरवाजे सताड उघडणं, ११२ ला फोन करणं आणि अग्निशमन दलाला ‘कार्बन डायऑक्साइड आहे’ हे स्पष्ट सांगणं, यानेच तो वाचण्याची शक्यता राहते. तोंडावर रुमाल किंवा डबी लावलेला मास्क काही कामाचा नाही. डबीतला कोळसा सीओटू अडवत नाही.

दुसरी गोष्ट तयारीची. सीओटूचा मीटर मशीनरूममध्ये जमिनीलगत बसवायचा. त्याचा आकडा आणि पंख्याचं बटण, दोन्ही दाराबाहेर हवीत. आत जाऊन बटण दाबावं लागत असेल तर ती व्यवस्था नव्हे, तो सापळा. हवा खेचणारं तोंड खाली हवं. आत जाणाऱ्याच्या छातीवर छोटा मीटर हवा आणि दाराशी दुसरा माणूस हवा, ज्याचं काम फक्त बघणं आणि हाक मारणं. पावसाळ्यात झड आत येते म्हणून आपण शटर ओढून घेतो. तेव्हा तर दुप्पट काळजी.

तिसरी गोष्ट दाबाची. आर-१३४ए चं मशीन बंद असताना ३० अंशांना त्यात पावणेआठ बारच्या आसपास दाब असतो. सीओटूमध्ये तोच आकडा ७२ बार. चालू असताना गरम बाजूला शंभर बारच्या आसपास. लाइट गेली, मशीन गरम होत गेलं की दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकारतो. त्याला तेवढ्यासाठीच बसवलंय. आवाज नको म्हणून तो बंद करणं किंवा तोंडाला बूच मारणं म्हणजे बॉम्ब बनवणं. रोजच्या एसीचे गेज आणि होज इथे लावायचे नाहीत, ते या दाबासाठी बनलेलेच नाहीत. आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे द्रव सीओटू कोंडायचा नाही. तापमान एक अंश वाढलं की तिथला दाब दहा बारच्या आसपास वाढू शकतो.

चौथी गोष्ट बर्फाची. दाब सुमारे सव्वापाच बारच्या खाली गेला की द्रव सीओटूचा थेट ड्राय आइस होतो, आणि मोकळ्या हवेत त्याचं तापमान उणे ७८ अंश. नळी रिकामी करताना आत पांढरा गोळा अडकतो. गेज शून्य दाखवतो, आपल्याला वाटतं गॅस गेला. मग तो गोळा आतून वितळतो, दाब चढतो आणि गोळी सुटावी तसा बाहेर येतो. त्याला हातोडी मारायची नाही, बर्नर दाखवायचा नाही. लांब उभं राहून वाट बघायची. गॅस भरतानाही आधी वाफ सोडून दाब वर न्यायचा, मगच द्रव सोडायचा. कातडीला लागलं तर चोळायचं नाही. कोमट पाणी आणि दवाखाना.

आणि सिलिंडर. सोडावॉटरवाल्याकडचा सिलिंडर स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. यंत्राला अगदी कोरडा गॅस लागतो. ओलावा गेला की व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आत आम्ल बनतं आणि उद्याची गळती आजच तयार होते. आपल्याकडे सिलिंडरचे नियम २०१६ चे आहेत आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

एक गैरसमज दूर करतो. उघड्या यार्डात रीफर गळला तर वारा तो घेऊन जातो, तिथे फार भीती नाही. धोका आहे तो बंद जागेत. वर्कशॉपचा खड्डा, तळघर, शटर लावलेलं गोदाम, कंटेनरचं पोट. फळांच्या काही कंटेनरांमध्ये तर फळ टिकावं म्हणून मुद्दामच ऑक्सिजन कमी आणि सीओटू जास्त ठेवतात. दार उघडल्या उघडल्या आत घुसायचं नाही. हवा खेळू द्यायची, मोजायची, मग जायचं.

१८९० मध्ये जहाजावाल्यांनी या गॅसला निरुपद्रवी म्हटलं ते अमोनियाशी तुलना करून. आज हवामानाच्या हिशोबात आपण त्याला पुन्हा तोच शब्द लावतोय आणि त्या हिशोबात तो बरोबरच आहे. हे तंत्र यावं असंच माझं मत आहे. पण पृथ्वीला निरुपद्रवी आणि मशीनरूममधल्या माणसाला निरुपद्रवी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी मॅन्युअलमध्ये हे सगळं छापलेलं असतं. रात्रपाळीचा पोरगा मराठी वाचतो, त्याचा जोडीदार हिंदी किंवा भोजपुरी बोलतो. दारावरची पाटी त्यांच्या भाषेत हवी आणि दर पाळीला कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवायला हवी.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी यार्डात किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये असेल, तर उद्या कामावर गेल्यावर एवढंच विचारा : आपल्या मशीनमध्ये कुठला गॅस आहे, आणि तो मोजणारा मीटर कुठे आहे? उत्तर मिळालं नाही तर मिळेपर्यंत विचारत राहा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.